ताटलीतली प्रभावळ आणि काळं रान

(संत तुकाराम नगर, पिंपरी येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

मंडळी, पिंपरीच्या नावाचा एक जिवाणू आहे. तुमच्यापैकी जे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते त्यांना ठाऊक असेल, बाकीच्यांना कदाचित नसेल. 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' हे त्याचं नाव. १९५४ साली इथं, आपल्या शेजारी, सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना उभा राहिला. पेनिसिलिनमुळे त्याचं नाव झालं. पण त्याच्या प्रयोगशाळेत मातीत औषध शोधणारी माणसंही होती. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये या जिवाणूपासून बुरशीवरचं एक औषध काढलं. कारखान्याच्या नावातली 'एच' आणि 'ए' ही अक्षरं घेऊन त्याला 'हॅमायसिन' म्हटलं. वळवाची पहिली सर पडल्यावर मातीचा जो वास येतो ना, तोही बराचसा या जिवाणूच्याच कुळाचा.

आजचा माझा विषय याच मातीतल्या दुसऱ्या एका जमातीचा आहे. तिच्या नावात गाव नाही, नावावर औषध नाही. कृषी सेवा केंद्रात पाव किलोच्या पुडीवर तीन इंग्रजी अक्षरं असतात, 'पीएसबी'. मराठीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, विरघळवणारे जिवाणू. तूर, हरभरा, मूग, उडीद, सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला चोळायचे.

शहरात हा विषय कशाला, असं संयोजकांपैकी एकाने विचारलंच. मृग लागला की वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर उभे राहा आणि बघा. कंपनीतून चार दिवसांची रजा काढून पेरणीला निघालेली माणसं बीडची असतात, लातूरची असतात, नगरची असतात. इथल्या कितीतरी जणांच्या सातबाऱ्यांवरची जमीन शेकडो किलोमीटर लांब आहे. आणि इथली जमीन तरी कधीपासून कारखान्यांची? नदीपलीकडच्या पिंपळे सौदागरला हॅरॉल्ड मान नावाचा एक इंग्रज रसायनशास्त्रज्ञ घरोघर, शेतोशेत फिरला होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा तो प्राचार्य. त्याचं दख्खनच्या एका खेड्यातल्या जमीन आणि मजुरीवरचं पुस्तक १९१७ साली निघालं. १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांची असलेली धारणा १९१५ च्या सुमाराला ७ एकरांवर आली होती, हे त्याने त्यात दाखवलं. आज तिथे एकरावर कोणी बोलत नाही, चौरस फुटावर बोलतात. तो भाग सोडून देऊ.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या सरांनी मला हा विषय दिला, पण त्यांना ते कधी कळलं नसेल. आठवीत असताना त्यांनी भुईमुगाचं एक रोप मुळासकट उपटून वर्गात आणलं होतं. मुळांवरच्या गाठींपैकी एक ब्लेडने कापली. आत गुलाबी. सर म्हणाले, 'रक्त आहे'. आम्ही हसलो. ते फार चुकीचं बोलत नव्हते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलत भावाचा. गाठीत रायझोबियम जिवाणू बसतात, हवेतला नत्र पकडतात आणि झाडाला देतात. हेल्रिगेल आणि विल्फार्ट यांनी १८८६ साली हे दाखवलं, बायेरिंकने १८८८ मध्ये तो जिवाणू वेगळा केला. आपल्याकडे एन. व्ही. जोशी यांनी १९२० च्या सुमाराला त्यावर काम सुरू केलं. पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी 'हरभऱ्याचा बेवड चांगला' म्हणत आले, त्याचं एक कारण ही गाठ.

सरांनी एक गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती. ही गाठ खर्चीक आहे. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे सोळा रेणू लागतात. एटीपी म्हणजे पेशीतलं रोख चलन, आणि त्या प्रत्येक नाण्यात स्फुरदाचे तीन अणू. खर्चताना स्फुरद जळून जात नाही, फिरत राहतो, हे खरं. पण फिरवायलासुद्धा भांडवल लागतं. म्हणून डाळवर्गीय पिकाला युरियाची फारशी गरज नसते, पण स्फुरद कमी पडला की गाठी बारीक राहतात, कमी भरतात आणि आतून गुलाबीऐवजी हिरवट-पांढऱ्या निघतात.

आता शब्दाची एक गंमत. आपण 'नत्राचं स्थिरीकरण' म्हणतो तेव्हा आनंदाने म्हणतो: हवेतलं धन जमिनीत आलं. आणि 'स्फुरदाचं स्थिरीकरण' म्हणतो तेव्हा कपाळाला हात लावतो: पोत्यातलं धन जमिनीत अडकलं. शब्द एकच. कृषी पदविकेच्या मुलांना मी शिकवायला जात असे, तेव्हा परीक्षेत दरवर्षी निम्मा वर्ग इथे घसरायचा. दोष मुलांचा नव्हता.

अडकतो म्हणजे काय होतं? आपली काळी जमीन बेसॉल्टची, म्हणजे दगडापासूनच चुन्याची श्रीमंत. सामू, म्हणजे पीएच, साडेसात ते साडेआठ. पुष्कळ ठिकाणी चुनखडीचे खडे हाताला लागतात. सुपर फॉस्फेट किंवा डीएपी टाकलं की त्यातला विरघळणारा स्फुरद कॅल्शियमला भेटतो, आधी डायकॅल्शियम होतो, मग ट्रायकॅल्शियम, आणि दिवस जातील तसा आपल्या हाडादातांच्या खनिजाच्या जवळ जाऊन बसतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या तांबड्या मातीत कॅल्शियमची जागा लोह आणि ॲल्युमिनियम घेतात. गाठ तीच, दोर वेगळा. टाकलेल्या खताचा पहिल्या हंगामात पिकाला मिळतो तो जेमतेम पाचवा हिस्सा, पुष्कळदा त्याहूनही कमी.

जरा हिशोब करू. मला हिशोब आवडतो, तुम्ही सहन करा. एक हेक्टर रान, वरची १५ सेंटिमीटर माती. तिचं वजन वीस लाख किलोच्या पुढे. त्यात सगळा मिळून स्फुरद साधारण १००० किलो धरू. आणि त्याच मातीतल्या पाण्यात, एका वेळी, विरघळलेला स्फुरद किती? फार तर शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. हजार किलो घरात आणि खिशात शंभर ग्रॅम! हेक्टरी वीस क्विंटल हरभरा निघाला तर दाण्यांतूनच सात-आठ किलो स्फुरद रानाबाहेर जातो. म्हणजे हंगामात तो खिसा सत्तर-ऐंशी वेळा रिकामा होऊन पुन्हा भरला पाहिजे. त्यात स्फुरद चालतो फार हळू. नत्रासारखा तो पाण्याबरोबर वाहत येत नाही. मुळाच्या भोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा भाग रिता झाला की पलीकडे कोठार भरलेलं असून मूळ उपाशी. म्हणून प्रश्न रानात स्फुरद किती हा नाही, मुळाच्या टोकाशी, त्या मिलिमीटरभरात, खिसा किती लवकर भरतो हा आहे.

जिवाणूंचं काम त्या मिलिमीटरभरात आहे.

१९४८ साली दोन कामं प्रसिद्ध झाली. हॉलंडमधल्या गेरेत्सेनने दाखवलं की मुळाभोवती जिवाणू असले तर ओटचं पीक न विरघळणाऱ्या फॉस्फेटमधूनही जास्त स्फुरद उचलतं. आणि रशियात पिकोव्स्काया या बाईंनी ते जिवाणू ओळखायची एक ताटली तयार केली. ग्लुकोज, यीस्टचा अर्क, थोडे क्षार आणि लिटरला पाच ग्रॅम ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे न विरघळणारी पांढरी पूड. आगर घालून ओतलं की ताटली चुना कालवलेल्या पाण्यासारखी पांढुरकी दिसते. त्यावर मातीचं पाणी पसरायचं आणि तीन दिवस ते आठवडाभर वाट पाहायची. काही वसाहतींच्या भोवती पांढरं नाहीसं होतं आणि काचेसारखं स्वच्छ वर्तुळ पडतं. इंग्रजी पुस्तकांत त्याला जे म्हणतात ते म्हणोत, मला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा देवामागची प्रभावळ आठवली. आमच्या प्रयोगशाळेत पुढे सगळे तोच शब्द वापरू लागले. 'मॅडम, आज सात प्रभावळी.'

ही प्रभावळ आम्लाची. जिवाणू ग्लुकोज खातो, पण सगळं पोटात घेत नाही. त्याच्या बाहेरच्या आवरणापाशी एक विकर असतं, ग्लुकोज डिहायड्रोजनेज. ते ग्लुकोजचं ग्लुकॉनिक आम्ल करून बाहेरच सोडून देतं. शिवाय सायट्रिक, ऑक्झॅलिक, लॅक्टिक अशी आम्लं असतात. आम्ल दोन प्रकारे काम करतं: सामू खाली आणतं, आणि कॅल्शियमला चिमट्यासारखं धरून ठेवतं. कॅल्शियम बाजूला गेला की स्फुरद सुटतो. बॅसिलस मेगाटेरियम, बॅसिलस पॉलिमिक्सा, सुडोमोनास स्ट्रायटा ही यातली नावाजलेली मंडळी. बुरशांमध्ये ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम. याखेरीज शेणखत, पालापाचोळा यांतल्या सेंद्रिय स्फुरदासाठी त्यांच्याकडे फॉस्फेटेज नावाची वेगळी हत्यारं आहेत.

आणि एक लक्षात घ्या, हे दान नाही. सुटलेला स्फुरद आधी जिवाणू स्वतः खातो. पिकाला मिळतो तो पुष्कळदा नंतर: जिवाणू मेल्यावर, किंवा मातीतल्या आदिजीवांनी त्याला गिळून उरलेलं टाकून दिल्यावर. पुडीवर 'स्फुरद पुरवठा करणारे' असं छापतात, त्यापेक्षा 'सावकाराकडून सोडवून आणणारे' हे जास्त खरं. वाट्यातला पहिला घास त्यांचाच.

आता माझी फजिती सांगते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी गावाकडच्या चुलतभावाला पीएसबीच्या पुड्या घ्यायला लावल्या. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानातून त्याने आणल्या. दुकानाच्या दर्शनी कपाटात, उन्हात, खताच्या पोत्यांशेजारी मांडलेल्या होत्या. त्याने माझ्या सांगण्याप्रमाणे गूळपाण्यात कालवून हरभऱ्याला चोळल्या. फरक काही दिसला नाही. एक उरलेली पुडी मी पिंपरीला आणली आणि ताटलीवर टाकली. प्रभावळ सोडा, बुरशीच बुरशी. पाच कोटींच्या जागी काही नव्हतं.

हे पाच कोटी कुठले? २००६ साली जिवाणू खतं सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली. तेव्हापासून नियम असा की वाहकात, म्हणजे लिग्नाइटसारख्या भुकटीत, ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत, आणि द्रवरूपात मिलिलिटरला दहा कोटी. पीएसबीला वर एक अट, ठरलेल्या ताटलीवर किमान पाच मिलिमीटरची प्रभावळ पडली पाहिजे. पुडी जिवंत माल आहे, दुधासारखा. बॅसिलस कुळीतले निदान बीजाणू करून उन्हाळा काढतात, सुडोमोनासला तेही जमत नाही.

तेव्हा मी ठरवलं, दोष पुडीचा. पुढच्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेतली ताजी, मोजलेली, ठसठशीत प्रभावळीची पुडी मी स्वतः घेऊन गेले. पावशेर पुडी दहा किलो बियाण्याला, सावलीत वाळवली, त्याच दिवशी पाभरीवर. आणि तरीही फरक दिसला नाही.

तेव्हा मला खूप राग आला होता. हिशोब मात्र सोपा होता. २५० ग्रॅम गुणिले पाच कोटी म्हणजे १२५० कोटी जिवाणू. दहा किलोत हरभऱ्याचे दाणे साधारण पन्नास हजार. दाण्याला अडीच लाख आले. ऐकायला भरपूर. पण तो दाणा ज्या मातीत पडतो तिच्या एका चिमटीत आधीपासून कोट्यवधी राहतात. त्यांतही स्फुरद सोडवणारे आहेतच. सोयाबीन महाराष्ट्रात नवं आलं तेव्हा त्याचा रायझोबियम इथल्या बहुतेक रानांत नव्हताच, म्हणून ते संवर्धन लावल्याचा परिणाम डोळ्यांना दिसायचा. पीएसबीचं तसं नाही. तो परका पाहुणा भरल्या जत्रेत उतरतो.

आणि दुसरं, मोठं कारण चुनखडी. ताटलीत आम्ल अडवायला कोणी नाही. काळ्या रानात मात्र मातीच्या अंगातच आम्ल मारायची प्रचंड ताकद आहे. मातीच्या ढेकळावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले की फसफसतं, ते तुम्ही पाहिलं असेल. जिवाणूचं आम्ल तसंच फसफसत मरतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या ज्ञानेश्वर, नरेशकुमार आणि पारेख यांनी १९९८ मध्ये याची नेमकी परीक्षा घेतली. नेहमीची ताटली न घेता त्यांनी आम्ल झेलणारं, म्हणजे काळ्या जमिनीसारखं वागणारं माध्यम घेतलं. नावाजलेल्या जिवाणूंची प्रभावळ त्यात पडेना. मग त्यांनी उलटा शोध घेतला: अशा माध्यमातही प्रभावळ पाडणारा कोणी आहे का? एक सापडला, एंटरोबॅक्टर ॲस्ब्युरी. कुठे? तुरीच्या मुळाभोवतीच्या मातीत. स्फुरदाची टंचाई पडली की त्याचं ते ग्लुकोज डिहायड्रोजनेज जोरात चालू होतं आणि तो ग्लुकॉनिक आम्लाचा मारा करतो.

मला त्या निबंधाने चपराक बसली. मी वर्षानुवर्षं सर्वांत मोठी प्रभावळ पाडणारा जिवाणू निवडत होते. म्हणजे तालमीत जोर काढणारा पाहून शेतकामाला गडी ठेवत होते.

रशियाचंही हेच झालं होतं. तिथे 'फॉस्फोबॅक्टेरिन' नावाने बॅसिलस मेगाटेरियम लाखो हेक्टरांवर वापरला गेला आणि फायदे जाहीर झाले. अमेरिकेच्या शेतीखात्याने तोच माल तपासून १९६२ साली अहवाल दिला: आम्हाला फायदा दिसत नाही. त्या काळातलं राजकारण लक्षात घेऊन दोन्हीकडचं थोडं वजा करा. तरी उरतं ते हे की रशियातल्या मातीतही निकाल जागोजागी वेगळे होते.

मग पीएसबी खोटं का? नाही. भारतातल्या प्रयोगांत अनेक ठिकाणी हरभरा, मूग, सोयाबीन यांना फायदा दिसला आहे, विशेषतः रायझोबियमबरोबर, शेणखताबरोबर, आणि जिथे सुपर फॉस्फेट किंवा रॉक फॉस्फेट थोडंफार दिलं आहे तिथे. शेणखताचं कारण साधं: जिवाणूला आम्ल करायला खाद्य लागतं. उघड्या, सेंद्रिय कर्ब हरवलेल्या रानात तो ग्लुकोज आणणार कुठून? मुळातून पाझरेल तेवढंच. उपाशी गड्याकडून नांगरट होत नाही.

आणि पीकही नुसतं बसून नसतं, ही मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. हरभऱ्याच्या रानात पहाटे गेलात तर पाय आणि हात चुरचुरतात. पानांवरच्या लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल सुटतं. जुनी माणसं रात्री रानावर फडकं पसरून पहाटे पिळून घेत, ती हरभऱ्याची आंब. पोटाच्या औषधात वापरत. जे वर पानांवर, तेच जरा वेगळ्या मेळाने खाली मुळाशीही चालू असतं: सायट्रिक, मॅलिक, मॅलोनिक. म्हणजे काळ्या रानातला कॅल्शियमला बांधलेला स्फुरद सोडवायला हरभरा स्वतःच आंब घेऊन उतरतो. तुरीचं त्याहून अजब. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला इक्रिसॅटमध्ये आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवलं की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल झिरपतं, आणि ते लोहाला धरतं. तांबड्या मातीत लोहाने गिळलेला स्फुरद, जो ज्वारीला किंवा मक्याला मिळत नाही, तो तूर काढते. आणि तुरीचा पाला-मुळ्या कुजल्या की तो पुढच्या पिकाच्या वाट्याला येतो. ज्वारीत, बाजरीत तुरीच्या ओळी टाकणाऱ्या आपल्या आजोबांना पिसिडिक आम्ल माहीत नव्हतं. पण बेवड माहीत होता.

या सभागृहातून उद्या परवा गावी जाणाऱ्यांनी व्यवहाराचं म्हणून एवढं घेऊन जावं. पुडीवरची तारीख वाचा, आणि उन्हात मांडलेली घेऊ नका. बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कीटकनाशक त्यानंतर, जिवाणू सगळ्यांत शेवटी. जिवाणू लावलेलं बी रासायनिक खतात कालवून पाभरीत घालू नका. आणि प्रतिजैविकाची फवारणी किंवा बुडवणी करणार असाल तर पीएसबीवर पैसे घालू नका. डाळिंबवाल्यांच्या ओळखीचं स्ट्रेप्टोसायक्लिन याच पिंपरीत तयार होत आलं आहे. ते जिवाणू मारायलाच आहे, ते भला-बुरा बघत नाही.

आणि एक मागणं. पेरणीची चार तासं, म्हणजे चार ओळी, पुडीविना ठेवा. सगळ्या रानाला पुडी लावा, पण चार तासांना लावू नका, कोपऱ्यात खूण म्हणून काठी रोवा. फुलोऱ्यात दोन्हीकडची पाच-पाच झाडं उपटा, गाठी कापून रंग पाहा. काढणीला दोन्हींचं वेगळं वजन करा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको.

माझ्या चुलतभावाने ते केलं. त्याची दोन रानं आहेत. खालचं ओढ्याकाठचं, शेणखत पडणारं. वरचं चुनखडीचं, माळाला लागलेलं. खालच्या रानात चोळलेला हरभरा वजनाला बरा भरला. वरच्या रानात तराजूने दोन्ही बाजूंना सारखंच दाखवलं. मी फोनवर त्याला कारणं सांगू लागले: चुनखडी, कर्ब, आम्ल. त्याने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'ताई, वरच्याला औंदा दोन गाड्या शेणखत टाकतो. आणि चार तासं परत मोकळी ठेवतो.'